मागच्या खोलीतला उजेड

हिंदी राज्यातल्या आमच्या गावात, राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, एकाच आवारात दोन प्राथमिक शाळा होत्या. पुढे हिंदी माध्यमाची, मागे आमची मराठी. हापसा एक, झेंड्याचा खांब एक, स्वयंपाक करणारी बाई एक. रजिस्टरं तेवढी वेगळी. त्यामुळे एका आवारातल्या शाळा एक करण्याचं पत्र आलं तेव्हा कुणाला धक्का बसला नाही. पुढच्या शाळेचे मुख्याध्यापक दोन्हींचे झाले, आमचा शिक्का कपाटात गेला. हे सगळं पुरं व्हायला दोन वर्षं लागली.

मराठीत तेव्हा पाचही वर्गांत मिळून एकोणीस मुलं होती आणि त्यांना शिकवणारी मी एकटी. शाळेचं नाव जावो, शिक्का जावो, मला त्याचं फारसं काही नव्हतं. मला मागची खोली हवी होती. वेगळी खोली राहिली तर वेगळा फळा राहतो, आणि फळा राहिला तर वर्ग राहतो. दुसऱ्या एका शाळेत आधी खोली गेली आणि मागोमाग वर्ग गेला, ते मी पाहिलं होतं.

पत्रात म्हटलं होतं की प्रत्येक खोलीचे फोटो पाठवा, त्यावरून कोणत्या खोल्या वर्गासाठी ठेवायच्या ते ठरेल. शाळेचा छोटा डिजिटल कॅमेरा माझ्याच ताब्यात होता. कपाटाच्या दाराला आतून मी एक यादी चिकटवली होती: सेल चार्ज आहे का, कार्डात जागा आहे का, तारीख बरोबर आहे का, फ्लॅश चालू ठेवणे. ही चौथी ओळ एका कार्यक्रमानंतर आली होती. त्या दिवशी उन्हात मुलांचे फोटो काढले, फ्लॅश उडाला नाही, आणि एक आई माझ्यापर्यंत आली.

"बाई, आमच्या पोरीचा तं फोटो काढलाच नाई तुम्ही."

"काढला की. आत्ताच काढला."

"उजेड तं पडलाच नाई! आम्ही काय आंधळे हाओत का?"

मग सगळ्यांना पुन्हा उभं केलं आणि फ्लॅश मारून पुन्हा फोटो काढले. तेव्हापासून मी फ्लॅश कायमचा चालू ठेवला. डोळ्यांवर लखकन काही आलं नाही तर फोटो निघाला असं आमच्याकडे कुणी धरतच नव्हतं. खरं सांगायचं तर मीही धरत नव्हते. शिवाय वीज कधी असायची, कधी नसायची. फ्लॅश असला म्हणजे निश्चिंती.

फोटो पाठवले. दीड महिन्याने खोल्यांची यादी आली. आमच्या खोलीपुढे हिंदीत लिहिलं होतं: प्रकाश अपर्याप्त, अध्यापन हेतु अनुपयुक्त. म्हणजे उजेड अपुरा, शिकवायला अयोग्य. मराठीची मुलं पुढच्या मोठ्या खोलीत बसवावीत.

मी ते दोनदा वाचलं. त्या खोलीला पूर्वेकडे तीन खिडक्या होत्या. छपरात दोन काचेची कौलं होती. चार वाजेपर्यंत आम्ही दिवा लावत नसू. पत्राबरोबर आमच्याच फोटोंच्या प्रती होत्या. पहिल्या बाकावरची मुलं पिठात बुडवून काढल्यासारखी पांढरी, आणि त्यांच्यामागे काळोख. भिंत नाही, तक्ते नाहीत, काही नाही.

मुख्याध्यापक माणूस चांगला होता. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"मैडम, कमरा तो गुफा लग रहा है।"

"सर, तुम्ही रोज त्या खोलीत येऊन चहा पिता."

"मैं तो जानता हूँ। पर उनके पास मैं थोड़ी हूँ, उनके पास फोटो है।"

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी कार्ड घेऊन इतवाऱ्यातल्या स्टुडिओत गेले. तिथला फोटोग्राफर माझ्याच वयाचा, आमच्या शाळेचे गॅदरिंगचे फोटो पूर्वी तोच काढायचा. कार्ड संगणकात घालून त्याने फोटो उघडला, एकदा बघितला आणि मलाच विचारलं, "ताई, खोलीत उजेड होता ना?"

"भरपूर."

"मग फ्लॅश काहून मारला?"

"मारला हे तुम्हाला कसं कळलं?"

त्याने माऊसची उजवी कळ दाबली. एक चौकट उघडली. मी तोवर समजत होते की फोटोत फक्त फोटो असतो. तिथे तारीख होती, वेळ होती, कॅमेऱ्याचं नाव होतं, शटर किती वेळ उघडं राहिलं ते होतं, आणि खाली एक ओळ: फ्लॅश मोड, पुढे फ्लॅश, कम्पल्सरी.

"कम्पल्सरी म्हणजे?"

"म्हणजे कॅमेऱ्याला विचारलंच नाई, लाइट कमी आहे का ते. तुम्ही हुकूम दिला, त्यानं मारला. सरकारी कॅमेरा दिसतो."

मला हसू आलं नाही. मग त्याने नीट समजावलं. फ्लॅश चार-सहा हात जातो. समोरची मुलं उजळली की कॅमेऱ्याचा हिशेब पुरा होतो. मागची भिंत लांब आहे, तिच्यासाठी तो थांबत नाही, म्हणून ती काळी पडते. खिडक्या माझ्या पाठीशी होत्या, त्या फोटोत आल्याच नव्हत्या.

"म्हणजे फ्लॅश मारल्यामुळे अंधार झाला?"

"फोटोत झाला, ताई. खोलीत नाई."

ती चौकट कशी उघडायची ते मी त्याच्याकडून शिकून घेतलं आणि दोन दिवस शाळेतून आल्यावर घरच्या संगणकावर बसले. जेवढ्या वर्षांचे फोटो कार्डांवर आणि सीडींवर होते त्यातले मागच्या खोलीचे वेगळे काढले. चौतीस निघाले. वहीत रकाने आखले: क्रमांक, वेळ, फ्लॅश, मागची भिंत दिसते का. फ्लॅशच्या रकान्यात एकच शब्द इतक्या वेळा लिहिला की शेवटी वरून खाली रेघ ओढली. चौथ्या रकान्यात नाही, नाही, नाही. शाळा तपासायला आलेल्या पाहुण्यांचे फोटो, पुस्तकवाटपाचे, वजन-उंची घेतल्याचे. एवढी वर्षं मी ती खोली गुहेसारखी दाखवत आले होते, सही करून, वेळेवर.

एकच फोटो निराळा होता. सेल उतरले असावेत. चौकटीत लिहिलं होतं की फ्लॅश उडाला नाही. दोन मुली पाटीवर वाकलेल्या, थोड्या हललेल्या. मागे भिंत पुरी दिसत होती, अंकांचा तक्ता, बाराखडी, खुंटीवरच्या पिशव्या, आणि काचेच्या कौलातून जमिनीवर पडलेला उन्हाचा चौकोन. खोली ओळखू येत होती. मी तो फोटो बराच वेळ उघडा ठेवला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी दाराशी एका जागी उभी राहून दोन फोटो काढले, एक फ्लॅशचा, एक बिनफ्लॅशचा. दोन्हींच्या चौकटी छापून घेतल्या आणि अर्ज लिहायला बसले. मुख्याध्यापक म्हणाले, "लिख दो कि कैमरा खराब था। बात खत्म।"

"कॅमेरा खराब लिहिला तर तुमच्याही खोल्यांचे फोटो खराब ठरतील, सर. सगळंच पुन्हा करावं लागेल."

"तो फिर क्या लिखोगी?"

मी लिहिलं की फ्लॅश सक्तीने चालू ठेवण्याची सूचना माझीच होती आणि तिच्या परिणामाची मला माहिती नव्हती. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत चूक आपल्या हाताने लिहून देण्याची ही पहिलीच वेळ. लाज वाटली असं नाही म्हणणार. थकवा आला. ज्या गोष्टींच्या मी याद्या केल्या होत्या त्या सगळ्या एकदम तपासून बघाव्यात की काय, असं वाटलं.

शिक्षण खात्याच्या कार्यालयात तीन खेपा झाल्या. पहिल्या दोन खेपांना साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला तिथल्या बाबूंनी अर्ज उलटसुलट केला.

"मैडम, ये फ्लैश का कॉलम हमारे प्रपत्र में है ही नहीं।"

"शेरा असा एक रकाना आहे. त्यात लिहा."

"उसमें तो जगह दो लाइन की है।"

"दोनच ओळी आहेत माझ्या."

ते आत गेले. थोड्या वेळाने साहेबांनी मला बोलावलं. दोन्ही फोटो त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. "दोनों एक ही कमरा है?" त्यांनी विचारलं. मी वेळेची ओळ दाखवली, एका मिनिटाचं अंतर. ते बघतच राहिले. मग म्हणाले, "अच्छा कमरा है, मैडम।" त्यांनी तिथल्या तिथे शेरा लिहिला. परत येताना रिक्षात बसल्या बसल्या मी पुढच्या कामांची यादी केली: फळ्याला काळा रंग, दोन बाकांचे पाय, तक्ते नवे.

सुधारलेलं पत्र पंधरा दिवसांत आलं. प्रकाश पर्याप्त, खिडक्यांना गज, दरवाजा मजबूत. एकत्रित शाळेला पाच संगणक मंजूर झाले होते आणि त्यांच्यासाठी उजेडाची, बंद होणारी खोली हवी होती. मागची खोली संगणक कक्ष म्हणून निश्चित. मराठीच्या मुलांची व्यवस्था पूर्वीच्या आदेशाप्रमाणे.

मुख्याध्यापकांनी पत्र माझ्याकडे सरकवलं आणि चष्मा पुसत बसले. "मैडम, अब मैं क्या बोलूँ? आपने ही तो साबित करके दिया।"

पुन्हा अर्ज करता आला असता. त्याचा मसुदाही मनात तयार होता. पण संगणक नकोत असं कोणत्या तोंडाने लिहायचं, तेही दोन्हीकडच्या मुलांसाठी आलेले? सोमवारी आम्ही बाक उचलून पुढे नेले.

मोठ्या खोलीत डाव्या बाजूला पंचावन्न हिंदीची मुलं, उजवीकडे आमची एकोणीस. फळ्याच्या मधोमध खडूची रेघ. तिकडच्या मॅडम समजूतदार होत्या, त्या गणित घेत असताना मी लेखन देत असे, मी कविता घेत असताना त्या हळू बोलत. तरी आवाज एकमेकांत जातच. महिन्याभरात आमची मुलं तिकडचे पाढे म्हणायला लागली. पाठ झालेच होते, म्हणणार नाहीत तर काय करतील?

दिवाळीआधी चौथीतल्या एका मुलीची आई आली. केळीच्या बागेत कामाला जाणारी, मजुरीचा अर्धा दिवस बुडवून आली होती. दाराबाहेर उभी राहिली.

"बाई, हिचं नाव तिकडं टाका ना. हिंदीत."

"काय झालं? शिकवणं पटत नाही का?"

"तुमचं काई नाई हो, बाई. तुमच्यावर राग नाई. पन एकाच खोलीत बसायचं तं दोन दोन भाषा काहून? तिकडच्या पोरी हिला चिडवतात, कोपऱ्यातली म्हनून."

आपल्या भाषेतून का शिकायचं ते मला सांगता आलं असतं. काय काय सांगायचं ते मुद्देसूद माहीत होतं, बैठकांमधून बोलून झालेलं होतं. ती मात्र त्या खोलीकडे बघत होती, आणि जे दिसत होतं ते ती बरोबर सांगत होती. मुलगी मान खाली घालून आईच्या पदराची दशी ओढत होती.

मी माध्यमबदलाचा अर्ज काढला आणि आईच्या वतीने स्वतःच भरला. तिला सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. तिने नाव लिहिलं, सावकाश, मराठीत. दुसऱ्या सत्राच्या पुस्तकांची मागणी शनिवारपर्यंत जायची होती. उशीर केला असता तर पोरीला कोणत्याच भाषेचं पुस्तक मिळालं नसतं.