होल की कम्प्लीट?

आमच्या मोठ्या साडूंइतका इंग्रजी शब्दांचा छळ सोसलेला माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. त्यांना इंग्रजी फार येतं अशातला भाग नाही. पण जिथे आपण ‘पूर्ण’ म्हणून मोकळे होतो तिथे इंग्रजांनी पाच-सहा शब्द कशाला ठेवले, या काळजीने त्यांना जन्मभर पछाडलं. पांढरकवड्याच्या एसटी स्थानकात ते वाहतूक नियंत्रक होते. प्रवासी गाडी सोडा म्हणून ओरडायचे, तेव्हा हे शांतपणे सांगायचे, “गाडी फुल हाय, कम्प्लीट नाई. कंडक्टर चहा पिऊन राह्यला.” अपेंडिक्स काढल्यावर डॉक्टरांनी ‘टोटल बरे झालात’ म्हणून घरी सोडलं, तर हे दारातच अडले. “टोटल कसा? एक नग तं तुमच्यापाशीच राह्यला.” तडकलेलं टरबूज अर्ध्या भावात मिळालं तरी घेत नसत. “कम्प्लीट हाय, पण होल नाई,” म्हणजे कमी काही नाही, पण अखंडही नाही.

मुलीला आदिलाबादचं स्थळ मिळालं आणि तिकडच्या तेलुगू पाहुण्यांसाठी इंग्रजी कार्ड छापायचं ठरलं. ते शेवटच्या ओळीशी अडलं. निमंत्रक म्हणून कुठली फॅमिली लिहायची, होल की कम्प्लीट? साडूंचा धाकटा भाऊ आईच्या तेरवीला, आपल्याला न विचारता सगळं ठरवलं म्हणून, भरल्या पंगतीतून उठून राजूरला गेला होता. तेव्हापासून बोलणं बंद. प्रेसवाल्याचे फोनवर फोन. साडूंची बायको, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, वैतागली. “मराठी कार्डावर समस्त परिवार छापलं ना, मंग इंग्रजीतच काहून अडलं?”

“मराठीत चालून जाते. इंग्रजीचा मले अर्थ मालूम हाय,” साडू म्हणाले.

शेवटी मला घेऊन ते राजूरला गेले. भावापुढे कच्चं कार्ड धरून एकेका शब्दाचा फरक समजावू लागले. भावाने बराच वेळ ऐकून घेतलं.

“दादा, मले इंग्रजी समजत नाई. काय पाहिजे ते सांग.”

साडूंनी कार्ड खिशात ठेवलं. इतके शब्द तोलणाऱ्या माणसाला एक वाक्य जुळेना.

“तू ये,” एवढंच ते म्हणाले.

“येतो,” म्हणून भाऊ चहा ठेवायला आत गेला.

परतताना मी उत्साहात म्हणालो, “भाऊजी, आता बिनधास्त कम्प्लीट छापा.”

वणी मागे पडल्यावर त्यांनी खिशातलं कार्ड पुन्हा बाहेर काढलं.

“आई कुठं हाय?” ते हळूच म्हणाले. “होल छापू.”