टांग्यात मराठी बंद

"कचरूकाका, खरं सांगा. दोन्ही शाळांची पोरं तुमच्या टांग्यात असतात. कोणती शाळा चांगली?"

मधुकर माझ्या घोडीजवळ उभा राहून विचारत होता. नाशिक रोडला स्टेशनबाहेर आमचा टांगा स्टँड होता. रिक्षा नुकत्याच यायला लागल्या होत्या, पण शाळेच्या पोरांना टांगाच लागायचा. मधुकर नोटांच्या प्रेसमध्ये हेल्पर होता. त्याचा बाप आयुष्यभर हमाली करून वारला. मधुकरचा मुलगा मिलिंद तेव्हा चार वर्षांचा होता. तो बापाचं बोट सोडून घोडीच्या तोंडापाशी गेला होता.

"ही चावती का?"

"तुला नाय चावणार."

"मग कोणाला चावती?"

असं पोरगं. तोंडाला टाळा नाही.

आता शाळा दोन. एक आमच्याच कॉलनीत, समाजमंदिराच्या हॉलमधली बालवाडी. मराठी. दुसरी लष्कराच्या कॅम्पच्या बाजूला, बंगल्यातली. इंग्लिश मीडियम. तिथला नियम असा की गेटच्या आत मराठीचा एक शब्द नाही. चार वर्षांच्या पोरानं पाणीसुद्धा इंग्रजीत मागायचं. तिथल्या मॅडम म्हणायच्या, पोरांना इंग्रजी शिकवायचं नसतं, इंग्रजीत बुडवायचं असतं, मग आपोआप येतं. आमच्याकडंही पोहायला शिकवताना पोरं विहिरीत ढकलायचे. पण कमरेला दोर बांधून. दुसरं टोक कोणाच्या तरी हातात असायचं.

मी मधुकरला जे दिसत होतं ते सांगितलं. "बालवाडीची पोरं डोकं उठवतात. जाताना गाणी, येताना भांडणं. कॅम्पची पोरं घरून बोलत निघतात, पण शाळा जवळ आली की गप्प होतात. शेवटच्या वळणावर तर मुकीच."

मधुकरचा चेहरा खुलला. "म्हणजे शिस्त आहे."

"मी शिस्त म्हणालो नाय. गप्प म्हणालो."

"काका, त्यातलं आपल्याला काय कळतंय?"

"मग मला विचारलंस कशाला?"

तो हसला. त्याचं आधीच ठरलेलं होतं. मला विचारायचं ते फक्त मान डोलवून घेण्यासाठी. मी डोलवली नाही. माझं शिक्षण दुसरी, तेही पुरतं नाही. हे लिहितोय तेही अक्षर अक्षर जुळवून. पण जे दिसतं ते मी बदलून सांगत नाही.

शाळेनं आईबापांचा इंटरव्ह्यू घेतला. मधुकर शेजाऱ्याचा कोट घालून गेला. त्याची बायको सुशीला आठवडाभर स्टोव्हसमोर बसून स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायचा सराव करत होती. ॲडमिशन मिळाली. त्या दिवशी मधुकरनं स्टँडवर सगळ्यांना पेढे वाटले. मीही खाल्ला.

इथं माझ्या धंद्यातलं थोडं सांगावं लागेल. टांग्यात पुढं बसणाऱ्यांची तोंडं घोड्याकडं आणि मागं बसणाऱ्यांची तोंडं मागच्या रस्त्याकडं असतात. त्यांची पाठ आमच्या पाठीला. घोड्यावरून नजर काढता येत नाही, म्हणून मागचं सगळं आम्ही कानानं बघतो. पूल ओलांडला की कॅम्पच्या रस्त्याला चढ लागतो. चढावर टांगा मागं झुकतो. मागच्या बाकाला मी आडवा पट्टा लावला होता, पण चार वर्षांचं पोर पट्ट्याखालून सहज घसरतं. म्हणून चढ आला की मी ओरडायचो, "धरा रे!" सगळी पोरं एका दमात ओरडायची, "धरलं!" त्या आवाजात कोण आहे, कोण नाही, ते मला कळायचं. एखादा आवाज कमी वाटला की लगाम ओढायचो. माझ्या बापानं मला हे शिकवलं. त्याच्या टांग्यातून पोरगं पडलं नाही कधी.

दिवाळीनंतर मॅडमनी मला गेटवर थांबवलं.

"कचरू, टांग्यामध्येपण नो मराठी. आम्ही दिवसभर शिकवतो आणि तुझ्या टांग्यात सगळं धुऊन जातं."

"मॅडम, मला इंग्रजी येत नाय."

"तू बोलूच नको."

"चढावर आवाज द्यावा लागतो." मी त्यांना 'धरा रे'चं सांगितलं.

"मग 'होल्ड टाइट' म्हण. सोपं आहे."

"पोरांना त्याचा अर्थ कळंल का?"

"कळेल हळूहळू."

"हळूहळू कळणारा शब्द चढावर कामाचा नाय, मॅडम. तो मी म्हणणार नाय."

"मग काहीच म्हणू नको," मॅडम म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी आईबापांकडं गेलो. सगळ्यांचं एकच, मॅडम सांगतात तसं करा. मधुकर म्हणाला, "काका, वर्षभर कळ काढा. पोराचं भलं होतंय." ती फेरी सोडून द्यावी असं मनात आलं. पण स्टँडवर दारू पिऊन हाकणारेही होते. त्यांच्या हाती ही पोरं द्यायची नव्हती.

टांग्यात शुभदा नावाची मुलगी होती, सगळ्यांत मोठी, सहा वर्षांची. तिला मॅडमनी मॉनिटर केली. टांग्यात कोण मराठी बोललं ते तिनं सकाळी मॅडमना सांगायचं. ज्याचं नाव जाईल तो दूध पिण्याच्या सुट्टीपर्यंत व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून उभा. मिलिंद पहिल्या आठवड्यात रोज भिंतीकडं तोंड करून उभा होता. मग कळलं त्याला. सुशीला एकदा मला म्हणाली, "काका, हा घरीपण बोलंना झालाय. भूक लागली तर ताट घेऊन माझ्यासमोर उभा राहतो." मी म्हणालो, "शाळा बदल." ती म्हणाली, "त्यांना सांगा तुम्ही." मी मधुकरला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम म्हणतात, मधे असा काळ येतो. नंतर एकदम फाडफाड बोलतात."

ती सकाळ थंडीची होती. पोरं स्वेटर घालून मागं दाटीवाटीनं बसली होती. पूल ओलांडला. चढ लागला. मी पुढं सरकून घोडीवर भार दिला. ओरडलो नाही. मागं चिडीचूप होतं. पण ते रोजच होतं.

शाळेच्या गेटवर पोरं उतरवली. मिलिंद नव्हता.

"मिलिंद कुठंय?" मी विचारलं. सगळी पोरं माझ्याकडं बघत राहिली. मी शुभदाला खांद्याला धरून हलवलं. "पोरी, मिलिंद कुठंय?" तिनं आधी गेटात उभ्या असलेल्या मॅडमकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग हात वर करून आम्ही आलो त्या रस्त्याकडं बोट दाखवलं.

"सॉरी," ती म्हणाली.

मी घोडीला कधी नाही ते चाबकानं मारलं.

चढाच्या पायथ्याशी माणसं जमली होती. एक दूधवाला मिलिंदला मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या धोतराला रक्त. ट्रक पुढं जाऊन थांबला होता. ड्रायव्हर दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता.

दूधवाल्यानं मला सांगितलं, "पडलं तेव्हा काय झालं नव्हतं, बाबा. नुसतं खरचटलं. उठलं आणि तुमच्या टांग्यामागं पळाय लागलं. तोंड उघडं, पण आवाज नाय. मला वाटलं मुकं हाय. मी सायकल टाकून निघालो तवर ट्रक आला."

उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

पोलिसांनी मला दिवसभर बसवून ठेवलं. मी हवालदाराला म्हणालो, टांग्यात बोलायची बंदी होती, ते लिहा. तो म्हणाला, "कायदा बोलण्याचा नसतो, म्हातारबा. हाकण्याचा असतो." मॅडमनी लेखी दिलं की टांगा शाळेचा नाही. खरंच होतं ते. टांगा माझा होता. स्टँडवरचे म्हणाले, "कचरू, म्हण ना होल्ड टाइट. काय जात होतं तुझं?" आजही माझं म्हणणं तेच आहे: हळूहळू कळणारा शब्द चढावर कामाचा नाही.

उन्हाळा संपता संपता मधुकर माझ्या घरी आला. मला वाटलं, भांडायला आला. तो उंबऱ्यावरच बसला.

"जूनपासून मिलिंदला शाळेत न्याल का?"

"नेईन. बालवाडीत ना?"

"नाही. कॅम्पच्या."

मी उभा राहिलो. "मधुकर, डोकं ठिकाणावर हाय का?"

त्यानं वर बघितलं. आवाज चढवला नाही. "काका, पाय असता तर काहीही करून पोट भरलं असतं. माझा बाप ओझी उचलायचा, मी मशीनवर उभा राहतो. याला आता ओझं उचलता येणार नाही. आठ तास उभं राहता येणार नाही. याला खुर्चीवरच बसायला लागणार. आणि आपल्या माणसाला खुर्ची कोण देतं? इंग्रजी आली तरच देतील. आता तर तीच शाळा पाहिजे."

सुशीलाही बरोबर आली होती, त्याच्या मागं उभी होती.

मी म्हणालो, "नेतो. पण माझ्या टांग्यात तो बोलंल. कुठल्याबी भाषेत बोलंल. हे मॅडमना कबूल असंल तर."

मॅडमना कबूल नव्हतं. मी कॅम्पची फेरी सोडली. मिलिंद रिक्षानं जायला लागला.

इंग्रजी त्याला चांगली आली. पुढं बँकेत लागला. खुर्ची मिळाली. मधुकर चुकला असं म्हणायला मी धजत नाही. सुशीला मात्र भेटली की सांगायची, घरी तो विचारलं तेवढंच बोलतो.

त्यानंतर कोणी पोराची शाळा निवडताना मला विचारलं तर मी भाषा, फी, इमारत यावर तोंड उघडत नाही. एवढंच सांगतो: तुमचं पोर रस्त्यात पडलं तर ते ओरडंल का, हे आधी बघा. इंग्रजीत ओरडायचं की मराठीत, ते मग ठरवा.