मावशींची घरमालकीण

बालगृहातल्या मुली ज्यांना मावशी म्हणत, त्या कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या. पण आवाज सात मावश्यांना पुरेल एवढा होता. तळमजल्यावरून त्यांनी नुसतं "पांघरुणं!" म्हटलं की वरच्या मजल्यावर धडाधड घड्या व्हायला लागायच्या. मुलींचं सगळं त्याच करत. तुटलेलं बटण, हरवलेला मोजा, दुकानदाराशी भांडण. डॉक्टरांकडे गेल्यावर दुखायचं मुलीला आणि कुठं दुखतं ते सांगायच्या मावशी.

नेमकं हेच बालगृहाच्या अधीक्षिकेला, म्हणजे मोठ्या बाईंना, खटकायला लागलं.

"मावशी, अठरा पूर्ण झाली की पोरी बाहेर पडणार. तुम्ही काय जन्मभर त्यांच्या मागे मागे जाऊन बोलणार आहात?"

"जाईन की," मावशी म्हणाल्या. "माझं काय अडलंय?"

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला आणि मोठ्या मुलींना शिकवायची कामं वाटून टाकली. चूल स्वयंपाकीणबाईंकडे, बँक स्वतःकडे, आणि बाहेरच्या लोकांशी बोलायला शिकवणं मावशींकडे. "पण तुम्ही बोलायचं नाही. त्यांना बोलू द्यायचं."

मावशी दिवसभर गाल फुगवून बसल्या. बोलायचं नाही तर शिकवायचं कसं? संध्याकाळी भांडी लावता लावता त्यांच्या डोक्यात आलं, की आपण आपल्या वतीनं नाही बोलायचं, एवढंच ना? मग बाहेरचे लोकच होऊन बोलू!

दुसऱ्या दिवसापासून जेवणघरात धमाल सुरू झाली. मावशी एका टेबलामागे बसत. कधी दवाखान्यातली नाव नोंदवणारी व्हायच्या, आणि मान वर न करता "थांबा" एवढंच म्हणत राहायच्या. कधी फाटकी चप्पल परत न घेणारा दुकानदार. "पाय वाकडा असेल तुझा, चप्पल सरळ आहे," असं बेलाशक म्हणायच्या. मुली आधी हसून लोळायच्या, मग हळूहळू वाद घालायला लागल्या. स्वयंपाकीणबाई करपट वास येईपर्यंत दारात उभ्या राहून बघत.

पण मावशींचा खरा हातखंडा म्हणजे घरमालकीण. ती त्यांनी सरळ आपल्या थोरल्या जावेवरून उचलली होती. सासरच्या घरातून त्या बाहेर पडल्या तेव्हा पिशवीभर कपडे आणि जावेची एकूण एक लकब, एवढंच त्यांच्याबरोबर आलं होतं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा अडकवून, एक भुवई वर चढवून त्या विचारायच्या, "खोली हवीय? तुला? आणि घरी कोण कोण असतं तुझ्या?"

या प्रश्नाला हमखास विकेट पडायची ती घुमीची. घुमी हे तिला मुलींनी पाडलेलं नाव. पोरगी हुशार, चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम मिळवलेली, पण तोंड उघडायचं म्हणजे संकट. आता दुकानाजवळ तिला खोली बघायची होती. "घरी कोण?" म्हटलं की ती जमिनीकडे बघायची. एकदा तर डोळ्यांतून पाणीच आलं. झालं! घरमालकीण किल्ल्यांसकट टेबल ओलांडून आली आणि घुमीला पोटाशी धरून स्वतःच मोठ्यानं रडायला लागली.

"मावशी," मोठ्या बाई दारातून म्हणाल्या, "भाड्यानं खोली देताय की दत्तक घेताय?"

मग मावशींनी मन घट्ट केलं. रोज जेवणानंतर घुमीला समोर उभी करायच्या आणि जावेला अंगात आणायच्या. घुमी आधी पुटपुटली, मग बोलली, मग नळ, खिडकी, कडी सगळं विचारायला लागली. आणि एक दिवस "घरी कोण?" यावर शांतपणे म्हणाली, "आधी तुम्ही सांगा, वरच्या मजल्यावर पाणी चढतं का?" जावेची चढलेली भुवई खाली आली. मावशींना तर गुदगुल्याच झाल्या.

दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं घुमीला खोलीचा पत्ता दिला. मावशी बरोबर निघाल्या, पण मोठ्या बाईंनी अट घातली: वर जायचं नाही, जिन्यात बसायचं.

मावशी जिन्यात बसल्या. दार उघडंच होतं. आता आतून किल्ल्यांचा खुळखुळाट ऐकू येईल म्हणून त्यांनी पदर खोचून तयारी ठेवली. वेळ पडली तर धावून जायचं. पण आतून आवाज येत होता तो एकट्या घुमीचा.

"खिडकीची कडी बसत नाहीये. हा डाग ओलीचा आहे का? नळाला पाणी नाही. असं रोज असतं? दुरुस्त कधी करणार?"

मधूनच कुणीतरी पुटपुटत होतं, "हो गं बाळ... बघते गं बाळ..."

मावशींना राहवेना. त्या वर चढून दारात डोकावल्या. घरमालकीण म्हणजे चिमणीएवढी म्हातारी, भिंतीला टेकून, हातातला रुमाल पिळत उभी. पहिल्यांदाच खोली भाड्यानं देत होती बिचारी. आणि घुमी तिच्यासमोर एक भुवई वर चढवून!

"अगं, जरा हळू बोल की आजींशी!" मावशी ओरडल्या. "घाबरल्यात त्या!"

आजी आता दोघींनाही घाबरल्या.

घुमी वळली. "मावशी, तुम्ही जिन्यात बसायचं ठरलं होतं."

आवाज बारीकच होता, पण मावशी मुकाट्यानं वळल्या आणि जाऊन पायरीवर बसल्या. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी असं गप्प केलं नव्हतं, जावेनंसुद्धा नाही.

 मग आजींनी भीत भीत विचारलं, "बाळ, तुझ्या घरी कोण कोण असतं?"

जिन्यात मावशी पायरीवरून अर्ध्या उठल्या.

"आम्ही तीसेक मुली," घुमी म्हणाली. "बालगृहात वाढले मी. शिवाय एक मावशी आहेत. आत्ता पाहिल्या ना तुम्ही? आताही तिथून ऐकत असतील."

"नाही ऐकत!" मावशी खालून म्हणाल्या.

आजी खुदकन हसल्या. नळ दुरुस्त करायचं कबूल झालं, आणि खोली ठरली.

घुमी राहायला गेली त्यानंतर एका रविवारी तिनं मावशींना चहाला बोलावलं. आजीही वर येऊन बसल्या होत्या. चहा इतका उकळला होता की रंग काढ्यासारखा आला होता. मावशींनी तो कौतुकानं संपवला आणि सवयीनं कप घेऊन मोरीकडे निघाल्या.

"बसा हो," घुमीनं कप काढून घेतला. "पाहुण्या आहात तुम्ही."

मावशी बसल्या. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते मांडीवर ठेवले आणि घुमीला कप विसळताना बघत राहिल्या. कप नीट निघाला नव्हता. कडेला डाग तसाच होता. मावशींनी तोंड उघडलं, आजींकडे बघितलं आणि पुन्हा मिटलं.