चुकीखाली आपली सही ठेवणारे पाठक सर

फर्दापूरहून बी.कॉम. होऊन मी शहरात आले आणि गुलमंडीजवळच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात करसल्लागार श्री. माधवराव पाठक यांना प्रथम भेटले. मला नोकरी हवी होती. अर्जात मी एक वर्ष गाळले होते. सरांनी विचारले, "या वर्षी काय केलंत?"

"नापास झाले होते."

"मग तसं लिहा."

मी लिहिले आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. माझ्यासारख्या खेड्यातल्या पोरीलाही 'अहो' म्हणणारे ते मी पाहिलेले पहिले गृहस्थ.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या गौरवग्रंथासाठी लेख द्यायचा ठरला तेव्हा मी सरांना विचारले. ते म्हणाले, "चंद्रकलाबाईंचं लिहिणार असाल तर लिहा. स्तुती करायला बाकीचे आहेत." म्हणून ते लिहिते.

सरांकडे व्यापाऱ्यांची गर्दी असे, पण शनिवार मात्र मुकुंदवाडी, बजाजनगरच्या कामगारांचा. त्यांची विवरणपत्रे सर फी न घेता भरून देत. अशाच एका शनिवारी बजाजनगरच्या चंद्रकलाबाई आल्या. त्यांचे यजमान नाल्याच्या पुरात वाहून गेले होते. सरकारने वारसांना एकदाच द्यायची मदत त्यांना दिली होती. पुढे निराधारांचे मासिक अनुदानही सुरू झाले होते. घरी सोळा वर्षांची मुलगी, संगीता. तिला फिट येत. तिच्याजवळ सतत कुणी लागे म्हणून बाईंनी कँटीनमधले पोळ्यांचे काम सोडले होते. ठेकेदाराने मजुरीतून कापलेला कर परत मिळावा, एवढेच त्यांना हवे होते.

त्यांचे विवरणपत्र मी भरले. पुराची ती मदत करमुक्त. ती उत्पन्नात धरायची नसते. मी ती 'इतर उत्पन्ना'त धरली. दिवसभरात चाळीसेक कागद झाले होते. सरांनी माझ्यावर विश्वासून सही केली.

कापलेला कर परत मिळाला. पण अनुदानाच्या वार्षिक तपासणीत बाईंनी तेच विवरणपत्र जोडले. त्यावरचे उत्पन्न मर्यादेच्या वर होते. अनुदान बंद झाले.

त्या कार्यालयात आल्या तेव्हा त्यांच्या हातात नोटीस होती. "साहेब, तुमच्या कागदानं बंद झालं म्हणतेत. आता पोरीला सोडून कामाला जावं लागंल."

सरांनी विवरणपत्र काढून वाचले. माझ्याकडे पाहिलेही नाही. त्याच दिवशी सुधारित विवरणपत्र भरले आणि तहसीलला पत्र लिहिले, की चूक माझ्या कार्यालयाची आहे, या बाईंची नाही. ते पत्र घेऊन सर स्वतः चकरा मारू लागले. बैठक झाली नाही, साहेब रजेवर आहेत, फाइल वर गेली आहे, अशी उत्तरे ऐकत महिने गेले. तोवर बाई पुन्हा पोळ्या लाटायला जात होत्या, संगीताला घरात ठेवून, बाहेरून कडी लावून.

एका दुपारी संगीताला फिट आली. डोके ओट्याच्या कडेवर आपटले. आई परतली तेव्हा सगळे संपले होते.

आम्ही दोघे बजाजनगरला गेलो. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "कोंडून गेले व्हते साहेब मी तिला. उघडं ठेवलं असतं तर रस्त्यावर गेली असती." मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "कागद या ताईनं भरला व्हता ना?"

सर म्हणाले, "सही माझी आहे, बाई. वाचून करायला हवी होती."

"जावा आता," बाई म्हणाल्या.

अनुदान सुरू झाल्याचे पत्र त्यानंतर आले. मी राजीनामा लिहून नेला. सरांनी तो वाचून परत दिला. "उद्या अशीच दुसरी बाई येईल. तिचा कागद नीट कोण भरणार?"

दोन वर्षांनी चंद्रकलाबाई शेजारच्या एका विधवेला घेऊन आल्या. माझ्या टेबलाशी न थांबता थेट सरांकडे गेल्या. "हिचं तुम्हीच भरा. ताईला देऊ नका."

सर म्हणाले, "ताईच भरतील. मी शेजारी बसतो." आणि खुर्ची ओढून शेवटच्या ओळीपर्यंत माझ्याजवळ बसले. सर एवढेच म्हणाले, "सावकाश. घाई नाही." आज माझे स्वतःचे कार्यालय आहे. सरकारी मदतीचा कागद आला, की मी तो दोनदा वाचते.

संगीता गेली त्या तारखेला सर दरवर्षी बजाजनगरला जातात. बाई कधी दार उघडतात, कधी नाही. नाही उघडले, तर सर थोडा वेळ पायरीवर बसून परत येतात. पंचाहत्तरी आली, गुडघे साथ देत नाहीत, तरी यंदाही ते जाणारच. सरांना निरोगी शतायुष्य लाभो. तेवढे चालण्याचे बळ त्यांच्या पायांत राहो, आणि या वर्षी ते दार उघडले जावो.