रडण्याची तालीम

नवऱ्याने टाकलेल्या बाईने कसं रडावं, हे मी नववीतल्या मुलीला शिकवायला गेलो. परवा नातवाला खोटी मिशी चिकटवताना त्या डिंकाचा उग्र वास आला आणि रत्नागिरीच्या आमच्या शाळेतली ती रंगीत तालीम समोर उभी राहिली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. स्नेहसंमेलनाला मी स्वतः लिहिलेलं गंभीर नाटक घेतलं होतं. मुंबईला गेलेल्या नवऱ्याने तिकडे दुसरा संसार थाटलाय, हे गावातल्या बायकोला पत्रातून कळतं. हेडमास्तरांनी बजावलं होतं, "हे मुलांच्या वयाचं नव्हे. तालीम बघतो, नाही पटली तर नाटक रद्द."

बायकोचं काम करणाऱ्या सुलभाने पत्र वाचलं आणि नुसती उभी राहिली. माझा धीर सुटला. खांद्यावरचा पंचा पदरासारखा डोक्यावर घेऊन मी जमिनीवर बसलो आणि हुंदके देऊन दाखवले. मिशी लावलेला पोस्टमन इतका हसला की त्याची मिशी लोंबायला लागली.

सुलभा मात्र हसली नाही. "सर, असं कोण रडत नाय. आमच्या शेजारच्या काकीला असंच पत्र आलेलं. तिने घडी घालून ठेवलं नि तांदूळ निवडीत बसली."

मग तिने तेच करून दाखवलं. रिकाम्या सुपातले नसलेले खडे ती एकेक करून बाजूला टाकत होती आणि वर्गात कुणी हलत नव्हतं. तेव्हा मला तो अपमान वाटला. आज वाटतं, माझ्या नाटकात खरं असं तेवढंच होतं.

मागच्या बाकावरून तालीम बघणारे हेडमास्तर उठले. "नाटक होऊ दे," ते म्हणाले. "फक्त तुम्ही पडद्याची दोरी धरा, मास्तर. अभिनयाचं मुलं बघतील."