पिवळी मागितली होती

गाड्या रंगवण्याच्या त्या गॅरेजात त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण गिऱ्हाइकानं रंगांचं पुस्तक उघडलं की मास्तरांची शिकवणी सुरू व्हायची. तीस वर्षं हातात स्प्रे गन धरून त्यांना माणसांच्या आवडीनिवडी पाठ झाल्या होत्या. नवी बढती मिळालेला माणूस काळा मागायचा आणि पंधरा दिवसांत धुळीला कंटाळायचा. पुढंमागं गाडी विकायची असेल त्याचं बोट पांढऱ्यावर जायचं. नवराबायको जोडीनं आले की मरून की निळा यावरून जुंपायची आणि शेवटी दोघांनाही न आवडणारा चंदेरी पक्का व्हायचा. एका आजोबांनी दुसरी गाडी घेतली आणि म्हणाले, "पहिलीला होता तस्साच रंग द्या. शेजाऱ्यांना कळता कामा नये."

मास्तर सगळ्यांचं ऐकून घेत आणि जमेल त्याला राखाडीकडे वळवत. "धूळ दिसत नाही, ओरखडा दिसत नाही, डोळ्यांना त्रास नाही," असं म्हणत. राखाडीवर त्यांचा हातही बसला होता.

मग एका सकाळी टोइंगच्या गाडीनं एक राखाडी गाडी आणून गॅरेजच्या दारात सोडली. उजवीकडचे दोन्ही दरवाजे आत चेपले होते. पत्राकाम करणारा डेंटर गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "मास्तर, ही तुमचीच की! सिस्टरची."

घरोघरी जाऊन पेशंटची ड्रेसिंग करणारी, इंजेक्शनं देणारी ती नर्स. आठ महिन्यांपूर्वी जुनी लाल गाडी विकत घेऊन थेट इथंच आली होती.

"बाईंना कितपत लागलंय?"

"पाय मोडलाय. पहाटे धुकं होतं. आडव्या रस्त्यानं दुधाची व्हॅन आली. ड्रायव्हर म्हणतो, गाडी दिसलीच नाही. रस्ता आणि गाडी एकच वाटलं म्हणे."

डेंटर हातोडी घ्यायला गेला. मास्तर तिथंच उभे राहिले. चेपलेल्या पत्र्यावरून त्यांनी हात फिरवला. रंग कुठं उडाला नव्हता, काम चोख होतं. त्याचंच त्यांना कसंतरी झालं.

त्या दिवसापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिना. चहा अर्धा टाकून उठायचे, मास्किंग टेप लावता लावता रस्त्याकडे बघत बसायचे. जाता येता राखाडी गाड्या मोजायचे. ही माझी, ती माझी, ती बहुतेक माझी. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उठून ते चौकात जाऊन उभे राहिले. कोणत्या गाडीचा रंग आधी विरतो ते बघू लागले. लाल अंधुक उजेडात काळी पडायची. पांढरी धुक्यात मिसळून जायची. राखाडी तर अंगावर आल्यावरच कळायची. आठवडाभर हाच परिपाठ.

बायको एकदा वैतागून म्हणाली, "अहो, पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या? कुठं जाता रोज?"

"गाड्या बघायला."

"दिवसभर गाड्याच तर बघता!"

त्यांनी सगळं सांगितलं. बायको भाजी निवडत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "व्हॅन तुम्ही चालवत होतात?"

"नाही."

"मग?"

"तिनं पिवळा मागितला होता."

बायकोचा हात थांबला. "मग इथं माझ्यापुढं काय बसलाय? तिला जाऊन भेटा."

सिस्टरचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार तिच्या आईनं उघडलं. वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "तुम्हीच का ते राखाडीवाले?"

मास्तरांनी मान डोलावली. आतून सिस्टर म्हणाली, "आई, येऊ दे त्यांना."

ती खिडकीशी पाय लांब करून बसली होती, पायाला मांडीपर्यंत प्लॅस्टर. मास्तर खुर्चीच्या टोकावर टेकले.

"तुमचा काही दोष नाही, मास्तर," ती म्हणाली. "मी दिवे लावले नव्हते. घाईत होते."

"तरी तू पिवळाच मागितला होतास," आई म्हणाली.

"हो, मागितला होता," मास्तर म्हणाले. "लोक टॅक्सी समजून हात करतील, असं सांगून मीच मोडता घातला. पण सिस्टर, खरं कारण ते नव्हतं. पिवळा पटकन झाकत नाही. खालचा लाल डोकावत राहतो. आधी पांढरा मारा, मग पिवळ्याचे चार थर द्या. त्या दिवशी माझ्यापुढं कामाचा ढीग होता. अंगमेहनत टाळली मी आणि टॅक्सीचं नाव पुढं केलं."

सिस्टरनं मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं.

"मी दोन दिवस विचार केला होता त्या रंगावर," ती हळूच म्हणाली. "पेशंटची म्हातारी माणसं खिडकीत वाट बघत बसतात. लांबून कळावं त्यांना, सिस्टर आली. तुम्ही एका वाक्यात उडवून लावलंत."

"आता करतो पिवळी. माझ्या हातानं."

"नको. मी गाडी विकणार आहे. स्टिअरिंगचा विचार आला तरी घाम फुटतो मला. आणि विकायची तर राखाडीच बरी. हेही तुम्हीच सांगितलं होतंत."

मास्तर जिना उतरले ते कान लाल करून.

गॅरेजात दरवाजे सरळ झाले, खाचखळग्यांत लांबीचा लगदा भरून, घासून गाडी रंगाला तयार झाली. मालक रोज विचारी, "कधी मारणार राखाडी?" मास्तर उद्यावर ढकलत. मधल्या वेळात त्यांनी पत्र्याचे तीन तुकडे कापून तीन पिवळे बनवले: एक लिंबाच्या सालीसारखा, एक हळदीकडे झुकलेला आणि एक मोहरीच्या फुलाचा. एका धुकट पहाटे ते तुकडे काखेत मारून ते सिस्टरच्या गल्लीच्या टोकाला पोचले आणि तिथूनच फोन लावला.

"सिस्टर, खिडकीत आहात?"

"रात्रंदिवस तिथंच असते. काय झालं?"

"गल्लीच्या टोकाकडे बघा. तिथल्या कट्ट्यावर मी तीन पत्रे ओळीनं उभे केलेत. कोणता दिसतो?"

"मास्तर, तुम्ही वेडे आहात का? थंडी केवढी आहे!"

"बघा तर."

फोनवर खिडकीची कडी वाजली. मग आईचा आवाज, "मधला. मधला दिसतोय." आणि सिस्टरचा, "नाही गं, डावीकडचा जास्त उठून दिसतोय. मास्तर, तो वर धरा बघू. हां. तोच." मग तिला एकदम हसू फुटलं. "पण तुम्ही कुठं आहात? पत्रा नुसता हवेत तरंगतोय!"

मास्तरांनी स्वतःकडे पाहिलं. राखाडी स्वेटर, राखाडी पॅन्ट. त्यांनाही हसू आलं. ते तसेच पत्रा वर धरून उभे राहिले, हात भरून येईपर्यंत.

हसणं थांबल्यावर सिस्टर म्हणाली, "तो लिंबाचाच द्या. विकायचं पुढं बघू."

मास्तरांनी चार नव्हे, पाच थर दिले. कागदपत्रांवर रंग बदलून घ्यायलाही तेच खेटे घालून आले. प्लॅस्टर निघालं, काठी आली, काठीही सुटली. पहिल्या दिवशी सिस्टरनं गाडी नुसती चालू केली आणि रडून बंद केली. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, शेजारी आई, मागच्या सीटवर मास्तर. महिन्याभरात ती पेशंटकडे जाऊ लागली. दोघातिघांनी टॅक्सी समजून हात केलाच. तिनं ते फोन करून मुद्दाम कळवलं.

मास्तर मात्र पूर्वीसारखे राहिले नाहीत. रंग विचारला की उलट तेच विचारत सुटत, गाडी कोणत्या वेळी काढता, रस्त्यावर दिवे आहेत का, धुकं पडतं का. माणसं कंटाळत. "रंगवायला आलोय की पोलीस चौकीत?" असं एकानं तोंडावर विचारलं. मालक चिडला, "अहो, गिऱ्हाइकं पळवून लावाल तुम्ही!"

परवा कॉलेजातली एक प्राध्यापक बाई आली. तिनं पुस्तकही उघडलं नाही. "राखाडीच हवा," म्हणाली. मास्तरांनी सगळे प्रश्न विचारले, तिनं सगळ्यांची उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाली, "मला आवडतो म्हणून हवा. एवढं पुरे नाही?"

मास्तरांनी रंगांचं पुस्तक बाजूला सारलं.

"पुरे आहे," ते म्हणाले. "फक्त पहाटे निघालात तर दिवे लावा."

"लावीन."

"नक्की?"

बाईनं त्यांच्याकडे चमकून पाहिलं. काहीतरी तिखट बोलणार होती, पण त्यांचा चेहरा बघून थांबली आणि म्हणाली, "नक्की लावीन."

मास्तरांनी डबा उघडला आणि रंग ढवळायला घेतला.