खळ्यावरचा खांब

दुधनीच्या शिवारात वाऱ्यातलं कुणाला कळतं असं विचारलं, की लहानथोर एकच नाव सांगत, गुरुबसप्पाचं. सुगीत तो तिवईवर उभा राहून ज्वारी उपणायला लागला, की दाणा पायाशी आणि भुसा थेट बांधापलीकडे. बाकीचे नुसते डोळ्यांत कुसळं भरून घेत. या कौतुकानं गडी थोडा फुगलाही होता, खोटं कशाला सांगा!

म्हणूनच सत्त्याहत्तर साली पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीसाठी जागा बघायला एक तरुण साहेब आले, तेव्हा सरपंचांनी त्यांना सरळ याच्याच दारात आणून सोडलं. साहेब म्हणाले, "दोन गावांत वर्षभर वारा मोजायचा. जिथे जास्त भरेल, तिथल्या विहिरीवर पवनचक्की. खांब कुठे रोवू?"

गुरुबसप्पाच्या काळजात लकाकलं. बहात्तरच्या दुष्काळात त्याचे बैल गेले आणि पाठोपाठ मुलगा शिवयोगी बायको-पोरीला घेऊन सोलापूरच्या गिरणीत गेला. जाताना म्हणाला होता, "मळ्याला पाणी लागू द्या अप्पा, दुसऱ्या दिशी माघारी येतो." पाणी मळ्यातल्या विहिरीत होतं. वर काढायची सोय तेवढी नव्हती.

त्यानं साहेबांना विहिरीच्या खालच्या अंगाच्या खळ्यावर नेलं. "हितलं वारं बगा. लई शिस्तीचं. दाण्याला धक्का न्हाय."

"आणि तो वरचा माळ?"

"तितं नगं साहेब. पिसाळल्यालं वारं त्ये. दाणे सुदीक उडवून न्हेतंय."

फाल्गुनाचा महिना होता, खळ्यावर झुळूक छान होती, आणि साहेबांचं वय विश्वास ठेवायचं होतं. खांब खळ्यावर उभा राहिला. त्याच्या टोकाला गरगरणाऱ्या चार वाट्या, खाली आकडे दाखवणारी डबी. रोज सकाळ-संध्याकाळ ते आकडे कागदावर उतरवायचं काम गुरुबसप्पाकडे आलं.

आकडा लिहिताना त्याला आकडा दिसतच नसे. पाटाचं पाणी दिसे, त्यात पाय बुडवून बसलेली नात दानम्मा दिसे. घरी बायको सावित्रम्मा चिडवायची, "पोराचं पत्र वाचावं तसं वाचतासा की!" पण रात्री तीच विचारायची, "आज किती भरलं?"

आषाढात माळावर वारं घोंगावायला लागलं. तिथून येणाऱ्यांचे पटके उडत होते, आणि खळ्यावरच्या वाट्या मात्र जेवून आल्यासारख्या फिरत होत्या. एका संध्याकाळी न राहवून गुरुबसप्पानं खांबावर चढून वाट्यांना बोटानं ढकललं. दोनदा, तीनदा. मग त्याची त्यालाच इतकी लाज वाटली, की त्या दिवसाचा रकाना त्यानं कोराच सोडला.

वर्ष भरलं. साहेब आले ते मान खाली घालूनच. "पलीकडच्या गावाला मिळाली. त्यांचा खांब उघड्या टेकडीवर होता. तुमचा माळ तर तिच्याहून उंच. मीच हट्ट धरायला हवा होता."

जन्मभर गुरुबसप्पानं दाण्याला सोसेल तेवढाच वारा शोधला होता. पवनचक्कीला हवा होता तो वारा रोज त्याच्या डोक्यावरून जात होता, आणि त्याला त्यानं शिव्याच घातल्या होत्या.

रविवारी शिवयोगी आला. गुरुबसप्पानं काही लपवलं नाही. "जागा मीच दाखिवली. माजीच चूक हाय."

"असू द्या अप्पा," शिवयोगी म्हणाला, आणि अवघडत खिशातून घडी घातलेला अर्ज काढला. "तितं साखर-रॉकेल मिळंना. हितल्या रेशनकार्डावरची नावं कमी केल्याबिगर तिकडं नवं कार्ड देत न्हायत. तुमची सही लागतीय."

सहा वर्षं त्यानं ही नावं काढली नव्हती. परत यायचंच आहे, म्हणून.

आणखी एक वर्ष थांब, माळावर मी स्वतः खांब रोवतो, असं गुरुबसप्पाच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यानं अर्ज डोळ्यांजवळ धरून तीनही नावं सावकाश वाचली.

"दानम्माचं तरी ऱ्हाऊ दे की रं."

"एकट्या पोरीचं कसं ऱ्हाईल, अप्पा?"

गुरुबसप्पानं सही केली.